गादीतलं भुयार

रात्री साडेअकराला विझलेलं घर पहाटे चारला पुन्हा पेटलं. आगीची कारणं शोधणं हे माझं काम, पण अशा घरात पाय ठेवताना अजूनही पोटात गोळा येतो. घरमालकीण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "विझली म्हणाले होते हो."

आणि वरून ती विझलेलीच होती. बोळात कापसाच्या गादीचा एक तुकडा उरला होता, चिखलासारखा काळा आणि ओलाचिंब. मी तो हाताने उकलला. आतला कापूस कोरडा ठणठणीत आणि त्यातून बोटभर जाडीचं तपकिरी भुयार गेलेलं. दाबून भरलेल्या कापसात पाणी मुरत नाही. आत ज्वाळेशिवाय, अगदी थोड्या हवेवर आग तासन्‌तास धुमसते. थर्मल कॅमेऱ्याला दिसतं ते पृष्ठभागाचं तापमान, आणि तो तर पाण्याने गार झालेला.

दुसरी आग पहिलीचे पुरावे खाते. भिंतीवरच्या जळाल्याच्या खुणा एकमेकींवर चढतात. त्यात कूलिंग करताना, म्हणजे विझल्यावर उरलेली धग शोधून थंड करताना, जवानांनी छत फोडलेलं असतं, सामान ओढून बाहेर काढलेलं असतं. ते करावंच लागतं, त्यांना दोष नाही.

वायरींवर तांब्याचे मणी सापडले. आर्क झाला, म्हणजे वायरींमधून वीज ठिणगी मारत उडाली, की असे मणी बनतात, पण १,०८५ अंशांना तांबं नुसत्या आगीतही वितळतं. मेन स्विच रात्रीच पाडला होता, म्हणजे आर्कचे मणी असलेच तर पहिल्या आगीचे. पण वायरीमुळे आग लागली की आगीमुळे वायर जळली, हे त्यावरून कळेना.

खरी मदत झाली ती बाईंनी रात्री बाराला मोबाइलवर काढलेल्या फोटोची. त्यात बोळाचं लाकडी छत शाबूत होतं आणि खाली तीच गादी भिंतीला टेकवलेली. म्हणजे छत गेलं ते दुसऱ्या आगीत. दोन आगींच्या मधला फोटो माझ्या हाती क्वचितच लागतो. कृपा करून काढत जा.

हवाईतल्या लाहैनात ८ ऑगस्ट २०२३ ला सकाळची विझवलेली आग दुपारी पुन्हा भडकली, १०२ जीव गेले. दुपारची आग सकाळचीच होती, हा तपासाचा निष्कर्ष यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

माझ्या अहवालात दुसरी आग 'धुमसून पुन्हा भडकलेली' अशी नोंदवली. पहिलीच्या कारणापुढे 'निश्चित करता आले नाही' लिहिलं. बाईंचे भाऊ म्हणाले, "शॉर्टसर्किट लिहा ना, सगळे तेच लिहितात."

नाही लिहिलं.