रोज एक अंडं

तिचं हिमोग्लोबिन ८.६ आलं होतं. सहावा महिना, पहिलटकरीण, पापणी खाली ओढली तर आतून पांढरीफटक. महिन्यापूर्वी मीच तिच्या कार्डावर लोहाच्या गोळ्या रोज दोन अशा लिहिल्या होत्या आणि म्हटलं होतं, "पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि रोज एक अंडं. चुकवायचं नाही." नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. हे वाक्य माझ्या तोंडून दिवसातून किती वेळा निघतं, मोजदाद नाही.

त्या दिवशी तुर्भ्याच्या वस्तीत गृहभेटीला गेले, तर तिनं दारातच सांगितलं, "ताई, एक दिवस चुकवलं नाही. विकतचं नाही हं, घरच्या कोंबडीचं!" मी शाबासकी दिली. आत उजेड कमी होता म्हणून उरलेल्या गोळ्या मोजायला आम्ही घरामागे जाऊन बसलो.

मागे कंपनीच्या भिंतीला लागून खाटेएवढी जागा काळीकुट्ट झाली होती. राखेत वितळून गोठलेले प्लास्टिकचे गोळे, मध्येच केसासारखी तांब्याची तार. त्या राखेत चार कोंबड्या पायानं उकरत होत्या. एकीनं काहीतरी काळं चिकट चोचीत धरलं, दोनदा जमिनीवर आपटलं आणि गिळलं.

"इथं काय जाळता गं?"

"हे वायरी जाळतात, रात्रीच्या. तांबं निघतं ना."

धुरानं डोळे चुरचुरतात, लेकरांचा खोकला हटत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण अंड्याचं काय? कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं अर्धंमुर्धं काहीतरी आठवलं आणि मी तिथूनच आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. वायरच्या आवरणातलं पीव्हीसी हे प्लास्टिक म्हणजे क्लोरीन आलाच. ते उघड्यावर अर्धवट जळतं, तांबं त्या क्रियेला हातभार लावतं आणि डायॉक्सिन, फ्युरान ही विषं तयार होतात. आवरणात शिसं असेल तर तेही राखेत उतरतं. डायॉक्सिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून माती टिपणाऱ्या कोंबडीच्या चरबीत जातं, तिथून पिवळ्या बलकात. माणसाच्या शरीरात गेलं तर निम्मं कमी व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या अंगात जाणारं नव्वद टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातूनच जातं. त्यातल्या सर्वांत विषारी प्रकारानं कर्करोग होतो हे १९९७ मध्येच मान्य झालंय. "आणि गर्भातल्या वारेतून बाळाला पोचतं," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा माझा हात गार पडला होता. ते अंडं मी खायला लावलं होतं.

अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषांवरचा स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय करार २००१ चा. सुरुवातीला ज्या बारा विषांवर तो झाला त्यांत डायॉक्सिन आणि फ्युरान ही दोन्ही आहेत आणि भारतानं २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. डीडीटीसारखं विष कारखान्यात बनतं, कारखाना बंद करता येतो. डायॉक्सिन बनवायला कुणी बसत नाही, ते जाळण्यातून होतं. न जाळणं हाच त्यावरचा उपाय, आणि तो या भिंतीमागे करायचा होता.

मी तिला सांगितलं, ही अंडी खाऊ नकोस, शेजारी देऊही नकोस. अंडं दुकानातून आण. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "कोंबड्या आईनं दिल्यात, ताई." थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "मग बाळाला दूध पाजू का नको?" पाजायचं, अगदी नक्की पाजायचं, हे मी मॅडमना विचारूनच घेतलं होतं. आईच्या दुधाचा फायदा एवढा मोठा की ते थांबवायला कुणीही सांगत नाही.

नवरा दुपारी आला. भांडायच्या तयारीनंच आला म्हणा ना. "सिस्टर, ब्लेडनं सोलत बसलो तर बोटं कापतात अन् दिवस जातो. जाळलं की तासात मोकळं." राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड ठरवलाय, मी तक्रार करू शकले असते. पण मग तो दुसऱ्या भिंतीआड गेला असता. मी एवढंच विचारलं, "जळक्या तांब्याला भाव किती मिळतो, दादा?" तो थांबला. "कमीच. न जळलेल्या चकचकीत तारेला, मिलबेरीला जास्त."

दोन गल्ल्या सोडून एका भंगारवाल्याकडे वायर सोलायचं हातमशीन मी लसीकरणाच्या फेरीत पाहिलं होतं. आम्ही तिघं तिथं गेलो. वायरचं टोक रोलरखाली सरकवलं, हँडल फिरवलं, पात्यानं साल लांबीभर चिरलं आणि आतून तांबूस तार सरळ बाहेर आली. नवऱ्यानं ती नखानं घासून पाहिली, मग दुसरी वायर स्वतःच लावली. चार्जर-हेडफोनच्या बारीक वायरी मात्र त्यात चालत नाहीत. त्या तुकडे करून तांबं वेगळं काढणाऱ्या मोठ्या यंत्रातच घालाव्या लागतात. भंगारवाला म्हणाला, "त्या न जाळता तशाच आण, वजनावर घेईन." भाव पडेल होता. नवऱ्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

महिन्यानं गेले तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होतं. खाटेखाली पीव्हीसीच्या सालांचं एक पोतं आणि बारीक वायरींचं दुसरं, अजून न विकलेलं. कोंबड्या तिनं पिंजऱ्यात कोंडल्या होत्या. अंडी पुरून टाकते म्हणाली. त्या काळ्या मातीचं काय करायचं यासाठी मी कार्यालयात अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. तोवर तिनं त्या मातीवर जुनी ताडपत्री अंथरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्यात.