लोकलमॉडकॉन्फिग, फ्यूज आणि न उघडणारं शेअर्ड फोल्डर

व्हीएमवेअर गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमवेअरच्या आभासी संगणकात, मी बांधलेला ६.x लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) नीट बूट होतो, नेटवर्क चालतं, होस्टशी, म्हणजे मूळ संगणकाशी, कॉपी-पेस्टही होतं. अडलं होतं दोघांमधल्या शेअर्ड फोल्डरवर. तेही आता उघडलंय.

अशा वेळी जुने मार्गदर्शक कर्नल हेडरचा (ड्रायव्हर कंपाइल करताना लागणाऱ्या फाइलींचा) पत्ता दुरुस्त करायला लावतात. ३.७ मध्ये व्हर्जन डॉट एच ही फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत गेली आणि जुन्या जागी तिचा सिमलिंक (शॉर्टकटसारखा दुवा) ठेवण्याचा उपाय रूढ झाला. नव्या कर्नलवर त्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नेटवर्कचा व्हीएमएक्सनेट३, डिस्कचा पीव्हीएससीएसआय, मेमरीचा बलून हे ड्रायव्हर कितीतरी वर्षांपासून मूळ कर्नलमध्येच आहेत. शेअर्ड फोल्डरसाठी ४.० पासून वेगळं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा सुटा भाग) लागत नाही. ओपन-व्हीएम-टूल्स या गेस्टमधल्या साधनसंचातला व्हीएमएचजीएफएस-फ्यूज ते काम यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरून करतो; त्याला कर्नलमधला फ्यूज हा भाग तेवढा लागतो. म्हणजे टूल्ससाठी काहीच कंपाइल करायचं नसतं. बघायची ती फक्त कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये कोणते भाग बांधायचे याची यादी.

आणि गोम तिथेच होती. माउंट करताना फ्यूज डिव्हाइस सापडत नाही असा संदेश, मॉडप्रोबने ते लोड करायला गेलं तर मॉड्यूलच नाही. कॉन्फिग लहान करायला मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरलं होतं. ते एलएसमॉडची, म्हणजे लोड असलेल्या मॉड्यूलची यादी पाहतं आणि त्या क्षणी लोड नसलेलं जवळजवळ प्रत्येक मॉड्यूल गाळतं. तेव्हा फोल्डर माउंट नव्हतं, त्यामुळे फ्यूजही लोड नव्हतं. यूएसबी ड्राइव्हच्या फाइलसिस्टिमही अशाच गळतात, तेव्हा लागेल ते सगळं आधी माउंट करून, जोडून घ्या आणि मगच ही आज्ञा द्या. एलएमसी_कीप या व्हेरिएबलमध्ये एफएस/फ्यूजसारखे पथ दिले तरी ते भाग राखले जातात. मी कॉन्फिग_फ्यूज_एफएस थेट कर्नलमध्येच बांधून घेतलं, मॉड्यूल ठेवलंच नाही.

पुन्हा बांधताना लोकलव्हर्जनमध्ये, म्हणजे कर्नलच्या नावामागे, नवीन शेपूट लावा. त्यामुळे जुना कर्नल आणि त्याचे मॉड्यूल शाबूत राहतात, काही बिघडलं तर ग्रबमधून, म्हणजे बूट मेनूतून परत जाता येतं. गिटमधून घेतलेला सोर्स टॅगवर नसेल तर नावापुढे अधिकचं चिन्हही येतं. यूनेम -आर दाखवतं ते कर्नलचं नाव आणि लिब/मॉड्यूल्समधली डिरेक्टरी जुळतेय ना, हे बघून घ्या.

पुढचं काम म्हणजे रूट डिस्क पीव्हीएससीएसआयवर नेणं. तो ड्रायव्हर एकतर कर्नलमध्ये बांधलेला हवा किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये), नाहीतर रूट फाइलसिस्टिम माउंटच होणार नाही. आधी स्नॅपशॉट, मग कंट्रोलर बदल.