शब्दान्तीच्या व्यंजनगुच्छांचा सराव : सहावा आठवडा

इंग्रजीत शब्दाच्या शेवटी सलग चार व्यंजने येऊ शकतात. गेले सहा आठवडे मी ‘टेक्स्ट्स’ (texts), ‘ग्लिम्प्स्ट’ (glimpsed), ‘सिक्स्थ्स’ (sixths) आणि ‘ट्वेल्फ्थ्स’ (twelfths) या चार शब्दांवर रोज वीस मिनिटे देत आहे. जीभ पुरेशी चपळ नाही, अशा समजुतीने पहिले दोन आठवडे मी केवळ वेग वाढवला आणि ते दोन्ही आठवडे वाया गेले.

खरे कारण ध्वनिमुद्रण ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून पाहिल्यावर सापडले. ‘टेक्स्ट’मधील शेवटच्या ट नंतर माझ्या उच्चारात एक आखूड स्वर उमटत होता. मराठीत ‘घर’ या शब्दातला अन्त्य अ आपण उच्चारत नाही. परंतु ‘शब्द’, ‘प्रश्न’, ‘मित्र’ अशा शब्दांत शेवटी जोडाक्षर असल्यामुळे तो अ टिकून राहतो, आणि हीच सवय आपण नकळत इंग्रजी शब्दांना लावतो. तेव्हापासून मी ट म्हटल्यावर घशावर बोट ठेवून कंप जाणवतो का, ते तपासतो; कंप जाणवला म्हणजे स्वर आला. चौथ्या आठवड्यापासून तो स्वर बहुतेक वेळा येत नाही.

सर्वांत अधिक वेळ ‘सिक्स्थ्स’ने घेतला, आणि तो घेण्याजोगाच आहे. आपला थ हा स्पर्शवर्ण आहे: जीभ दातांना टेकते, हवा पूर्ण अडते आणि मग महाप्राणासह सुटते. ध्वनिलिपीत ग्रीक थीटा अक्षराने दाखवला जाणारा इंग्रजी ध्वनी मात्र घर्षक आहे, त्यात हवा क्षणभरही अडत नाही. त्यामुळे या शब्दात क सुटल्यानंतर शेवटपर्यंत एकच अखंड श्वास वाहतो आणि जिभेचे टोक दंतमुळापासून, म्हणजे वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यापासून, दातांकडे जाऊन पुन्हा मागे सरकते. मी थ म्हणत होतो तोवर हा प्रवाह दर वेळी मधेच तुटत होता. आता मी आधी दीर्घ स सोडतो, तो चालू असतानाच टोक पुढे नेतो व परत आणतो, आणि हे सहज जमल्यावरच आरंभी ‘सिक्’ जोडतो. शेवटाकडून उलट बांधत येण्याची ही रीत मला सर्वांत उपयोगी वाटते.

‘आस्क्ट’ (asked) मधला क आणि ‘फॅक्ट्स’ (facts) मधला ट ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही भरभर बोलताना सर्रास गाळतात, आणि ‘क्लोद्झ’ (clothes) तर ‘क्लोझ’ (close) सारखाच ऐकू येतो. मधले व्यंजन गाळणे म्हणूनच मी चूक मानत नाही. शेवटचा ध्वनी मात्र जपायलाच हवा, कारण भूतकाळ आणि अनेकवचन त्याच्यावरच उभे असते. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर काम हलके होते: ‘टेक्स्ट्स आर’ म्हणताना अखेरचा स पुढच्या स्वराला जोडून घ्यावा.

‘ट्वेल्फ्थ्स’ अजून बसलेला नाही. त्यातल्या ल साठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो, आपला ल तसा नसतो. मात्र फ हा ओठ व दात यांचा ध्वनी असल्याने तो चालू असताना जीभ मोकळी असते आणि तिला पुढच्या जागी आधीच नेऊन ठेवता येते, हे परवा लक्षात आले. सातव्या आठवड्यात एवढ्याच एका हालचालीवर काम करणार आहे.