तीन मजले

मृत्युपत्राच्या साक्षीदाराला इंग्रजी येत नसेल तर त्याच्या अ‍ॅफिडेव्हिटच्या शेवटी एक ओळ घालतात : वरील मजकूर मी यांना मराठीत समजावून सांगितला आहे. त्या ओळीखाली सही असते ती समजावून सांगणाऱ्याची. २०१६च्या पावसाळ्यात एका अ‍ॅफिडेव्हिटवर ती सही मी करायची होती.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे शिकाऊ सॉलिसिटर, होते. मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर एलएलबीच्या जोडीला तीन वर्षांची आर्टिकलशिप करायची आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. पहिलं वर्ष लिटिगेशनमध्ये, कोर्टातल्या दाव्यांच्या कामात गेलं, म्हणजे बहुतेक सगळं हायकोर्टाच्या रजिस्ट्रीने, तिथल्या कचेरीने, घेतलेली ऑब्जेक्शन्स दूर करण्यात. पानाचा नंबर चुकला, झेरॉक्स पुसट आली, एक सही राहिली, प्रत्येकाचं ऑब्जेक्शन. मुदतीत दूर केलं नाही की हायकोर्टाच्या नियम ९८६खाली मॅटर रिजेक्ट.

मग कन्व्हेयन्सिंग, म्हणजे मालमत्तेच्या दस्तांचं काम. तिथे मी खऱ्या अर्थाने शिकले, आणि ते जुन्या नोंदी तपासणाऱ्या एका सर्च क्लार्ककडून. ओल्ड कस्टम हाउसच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत तीस-तीस वर्षांच्या इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीच्या, वह्या काढून बसायचं. पान उलटताना त्याची कड बोटांत तुटून यायची. काही वर्षांची तर पानंच नाहीत. मी पहिल्या रिपोर्टमध्ये अशा एका वर्षापुढे ‘नोंद नाही’ लिहिलं. त्यांनी ते खोडलं. ‘‘नोंद नाही हे तुम्ही पाहिलंत का? पान फाटलंय हे पाहिलंत. तेच लिहा.’’ फर्मच्या लेटरहेडवर या माणसाचं नाव कधी येणार नाही, पण मालकी निर्वेध असल्याच्या टायटल सर्टिफिकेटवर पार्टनर सही करतात ती याच्या भरवशावर.

तिसरं डिपार्टमेंट टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांचं. दादरच्या एका सोसायटीतला ब्लॉक वडिलांनी मुलीच्या नावे लिहून ठेवला होता. मुलगी पन्नाशीची, अविवाहित. वडिलांचं शेवटचं सगळं आजारपण तिने एकटीने काढलेलं. दोन भाऊ, एक पुण्यात, एक परदेशात. दोघांनी अजून कन्सेंट अ‍ॅफिडेव्हिट (मृत्युपत्राला हरकत नाही असं शपथपत्र) दिलं नव्हतं. मुंबईतल्या मृत्युपत्रावर तेव्हा प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावंच लागे. दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते. दुसरे त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे नाना, वय चौऱ्याऐंशी.

साक्षीदाराच्या अ‍ॅफिडेव्हिटचा मजकूर ठरलेला असतो. आमचे मॅनेजिंग क्लार्क म्हणाले, ‘‘वाचून दाखव, कबूल करून घे, उद्या शपथेला आणू.’’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वर्षानुवर्षं तोच फॉर्म हाताखालून गेला की त्यातली वाक्यं कानाला लागत नाहीत, एवढंच.

नाना खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. ताई, म्हणजे ती मुलगी, दारात उभ्या होत्या. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

‘‘नाना, त्या दिवशी तुम्ही आणि दुसरे साक्षीदार वर यांच्या घरी हजर होतात, आणि तुमच्या डोळ्यांदेखत यांच्या वडिलांनी सही केली, असं यात लिहिलंय.’’

‘‘घरी कुठे होतो गं? कागद इथे आला. इथेच बसून सही केली मी.’’

‘‘ते खाली आले होते का?’’

‘‘ते कुठले उतरतायत! पण सही त्यांचीच हो. सोसायटीच्या चेकवर आम्हा दोघांच्या सह्या असायच्या. मी ओळखणार नाही?’’

ताई म्हणाल्या, ‘‘मीच आणला होता कागद. बाबांना तीन मजले उतरवत नव्हते आणि नानांना चढवत नव्हते.’’

१९२५च्या इंडियन सक्सेशन अ‍ॅक्टचं कलम ६३ म्हणतं, साक्षीदाराने सही होताना पाहिलेली हवी, किंवा ती आपली आहे हे मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेलं हवं. आणि साक्षीदाराने आपली सही मृत्युपत्र करणाऱ्यासमोर करायला हवी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर नसले तरी चालतं. म्हणजे नानांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं असतं तरी पुरलं असतं. ज्याने तो कागद टाइप करून दिला त्याने ‘खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या’ एवढंच सांगितलं होतं. याचा मला आजही राग येतो. लग्नाचा मुहूर्त चार जणांना विचारून काढतात, आणि राहतं घर लिहून देताना कुणाला काही विचारत नाहीत.

मी पेनाला टोपण लावलं. ऑफिसात मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘हे अ‍ॅफिडेव्हिट आपण करणार नाही. नाना जे बोलले ते शब्दशः लिहून फाइलला लाव.’’

पुढे अनेकदा मनाला सांगितलं, एखाद्या भावाने कॅव्हिएट टाकली असती, म्हणजे प्रोबेटला हरकत घेतली असती, तर दावा झाला असता, नाना पिंजऱ्यात उभे राहिले असते आणि हेच उलटतपासणीत निघालं असतं. ते खरं आहे. पण त्या दुपारी मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. माझ्यासमोर फक्त ती शेवटची ओळ होती. ‘हजर होतात’ हे मी सावकाश, दोनदा म्हटलं होतं. एका दमात वाचून गेले असते तर नानांनी मान डोलावली असती, तीही निखळ मनाने. आणि ताईंच्या वडिलांना घर मुलीलाच द्यायचं होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

प्रोबेट झालं नाही. कायद्याने तिघांचे सारखे हिस्से झाले. पुण्याच्या भावाने हक्कसोड पत्र करून दिलं, परदेशातल्याने नाही. तो दस्त मीच ड्राफ्ट केला आणि नोंदणीला गेले. एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो, मग अंगठा. ताईंची पाळी झाली तशा त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

‘‘इथे सगळ्यांना समोर यावं लागतं ना?’’

‘‘हो,’’ म्हटलं.

शाई पुसायला त्यांना माझ्याजवळचा रुमाल दिला.