तेवढं

रविवार, रात्री

"गाडीवरचं तेवढं 'बंधू' काढून टाक." धाकट्याचा फोन एवढाच. जेवलास काय, नाही. आई कशी आहे, नाही. तेवढं. जसं काही चहात पडलेली मुंगी काढायची आहे.

सकाळी गाडी आंब्याच्या सावलीत घेतली. तापलेल्या पत्र्यावर हे काम करू नये. डिकीच्या लाल रंगावर पिवळं रेडियम, आडनाव आणि बंधू. जोतिबाला पूजेला नेली त्याच्या आदल्या दिवशी लावलेलं. आडनाव दोघांचंही, ते राहिलं तर कुणाची हरकत नाही. उरली अक्षरं दोन आणि एक टिंब. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

पोरीचा हेअर ड्रायर फिरवला. हाताला सोसेल इतपतच गरम करायचं आणि कोपरा धरून मागं दुमडत सावकाश ओढायचं. 'ब' अख्खा आला. 'धू'चा ऊकार मात्र तुकड्यातुकड्यानं. आणि खाली गोंद तसाच. बोट लावलं तर बोट धरून ठेवतोय! नऊ उन्हाळे खाल्ले तरी. हा गोंद वाळून चिकटत नाही म्हणे, मऊ राहतो म्हणूनच धरतो.

तेवढं म्हणे. ये की मग, तूच काढ.

शेजारचे काका थिनरची बाटली घेऊन आले, "एका फटक्यात जातंय बघ." गोंदाबरोबर रंगही जाईल, म्हणून नको म्हटलं. ब्लेडही नको. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाएवढासुद्धा जाड नसतो. शेवटी आईच्या कपाटातलं निलगिरीचं तेल काढलं. फडक्यावर घेऊन पाच मिनिटं दाबून ठेवलं, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूहळू खरवडलं. अंघोळीत मळ निघतो तशा काळपट वळ्या निघाल्या. तीन वेळा तेच. टिंबानं सगळ्यात जास्त दमवलं. एवढुसं टिंब, पण चारी बाजूंनी धूळ धरून बसलेलं. मधेच हात थांबला आणि वाटलं, सगळं निस्तरायला मीच का? कागदावर सह्या करतानाही मीच पेन शोधत होतो. भावजय तेव्हा... जाऊ दे.

शाम्पूच्या पाण्यानं तेलकटपणा धुतला, कोरड्या फडक्यानं पुसलं, चार पावलं मागं जाऊन बघितलं.

'बंधू'.

पिवळं नव्हे, लाल. शोरूममधून आणली तेव्हाचा लालभडक. भोवतीचा रंग उन्हानं विटला, रेडियमखालचा तेवढा जसाच्या तसा राहिला. उद्यमनगरातल्या पेंटरला फोटो पाठवला, तर म्हणतो, पॉलिश मारू, थोडं दबेल, पण तिरक्या उन्हात वाचता येईल.

एकटाच हसलो. दिवसभर राबून अक्षरं आणखी ठसठशीत करून ठेवली की मी! धाकट्याला कळवलं, "काढलं." खोटं नाही. पॉलिशचं बघू पगारानंतर. नाहीतर राहू दे, आणखी नऊ उन्हाळ्यांत तेही विटेल.

हात दोनदा धुतले तरी वास जाईना. ताटावर बसलो तर आई म्हणाली, "निलगिरी लावलीस? सर्दी झाली काय रे?"

होय म्हटलं.