ताईने माझ्यासाठी मागितलेली झोप

तोक्यो, बुधवार, रात्र.

दिवस चांगला गेला हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तो वाईट गेला असे मलाच उद्या वाटायचे. आकाश सकाळपासून स्वच्छ होते, पाय भरून येईपर्यंत चालणे झाले, छोटीने आखलेला कार्यक्रम फारशी काटछाट न होता पार पडला आणि ताई, डॉक्टर, छोटी आणि मी अशा आम्हा चौघी मैत्रिणींमध्ये एकदाही कोणाचे वाजले नाही. तरीही मेइजी मंदिरात सकाळी वाचलेली दोन छोटी वाक्ये दिवसभर माझ्याबरोबर फिरत राहिली. ती माझ्याविषयी होती, पण माझ्यासाठी लिहिलेली नव्हती.

मेइजी मंदिराची वाट रानातून जाते. भोवती एवढे मोठे शहर असताना तोरीच्या कमानीखालून आत शिरल्यावर पायांखालच्या खडीचाच आवाज तेवढा उरतो. हे रान मुळात रान नव्हतेच, ते माणसांनी लावलेले आहे, असे डॉक्टरने सांगितले तेव्हा मला खरे वाटेना. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये हे मंदिर उभे राहिले, त्या वेळी देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडे पाठवली आणि ती लावायला ठिकठिकाणचे तरुण स्वतःहून आले. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडा केला तो पुढच्या सुमारे दीडशे वर्षांचा. त्या वेळचे पंतप्रधान ओकुमा यांना निक्कोच्या मंदिरासारखे सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, उंच झाडांचे भारदस्त बन हवे होते, पण तोक्योच्या जमिनीत आणि धुरात ती झाडे तगणार नाहीत असे होंदांनी त्यांना पटवले आणि ओक, कापूर अशी सदाहरित, रुंद पानांची झाडे निवडली, म्हणजे पुढे हे रान आपले आपण वाढत राहील. झाडे पाठवणाऱ्यांपैकी कोणालाही ते पूर्ण वाढलेले दिसणार नव्हते. डॉक्टर हे सांगत असताना ताई खाली पडलेली पाने पाहत चालली होती. तिचे लक्ष नाही असे मी धरून चालले होते. ताईविषयी मी असे बरेच काही धरून चालत आले आहे.

मुख्य मंदिरासमोरच्या अंगणात कापराचे एक मोठे झाड आहे आणि त्याच्या भोवती चौफेर फळ्या मांडून त्यांवर एमा टांगलेल्या आहेत. आपले मागणे लिहून देवापुढे टांगायची ही लहान लाकडी पाटी. आम्ही चौघींनी एकेक घेतली. मी फार वेळ न लावता ‘सर्वांना सुखी ठेव’ असे लिहिले आणि टांगून मोकळी झाले. मग इतरांच्या पाट्या वाचत हिंडू लागले, जपानी अक्षरे तेवढी सोडून. कोणाला परीक्षेत यश हवे होते, कोणाला मूल, कोणाला आजारातून उठलेला बाप. कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी अशा गर्दीत अचानक देवनागरी दिसली आणि ते ताईचे गोल, शाळेतल्या फळ्यावर असावे तसे अक्षर होते.

‘हिला रात्रभर झोप लागू दे. बाकी ती पाहून घेईल.’

नाव नव्हते. नावाची गरजही नव्हती.

पहिल्यांदा मला लाज वाटली आणि मग राग आला. रात्री मी आवाज न करता उठते, खिडकीपाशी बसते, दिवा लावत नाही, आणि शेजारच्या पलंगावर ताईचा श्वास संथ चाललेला असतो. म्हणजे तो तसा चालवलेला असतो! ती जागी असते आणि मला ते कळू नये म्हणून झोपल्यासारखी पडून राहते, हे मला त्या झाडाखाली उमजले, आणि आपण अंधारात एकट्या आहोत या भरवशावर जे जे केले ते सगळे कोणीतरी पाहिले आहे हे सहन होईना. मी इतकी केविलवाणी दिसते का? बरोबरच्या मैत्रिणीला परक्या देशातल्या देवाकडे माझ्यासाठी शब्द टाकावा लागावा, इतकी? आणि तेही तिने, जिला शुक्रवारी फोन यायचा आहे. पाटी एकच होती. तिने ती माझ्यावर खर्च केली.

असाकुसाला जाताना मी गिंझा मार्गाच्या गाडीत मुद्दाम छोटीशेजारी बसले. उएनो ते असाकुसा हा या मार्गाचा तुकडा १९२७ मध्ये सुरू झाला, आशियातली ती पहिली भुयारी रेल्वे. ही माहिती छोटीने मोठ्या अभिमानाने दिली. निशी-कासाईत राहून ती आता इथलीच झाली आहे. मी मान डोलावत होते आणि समोरच्या काचेत ताईचे प्रतिबिंब पाहत होते. ती डॉक्टरला काहीतरी सांगून हसत होती.

जेवणाच्या वेळी माझी अस्वस्थता आणखी वाढली. सोबाच्या दुकानात छोटीने आत जाऊन विचारले, तर साध्या थंड सोबाबरोबर येणाऱ्या रसातही कात्सुओ माशाच्या किसाचा अर्क असल्याचे कळले. इथे भाजीतही तो असतो, आमटीसारख्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही असतो, आणि शाकाहारी माणसाला ‘यात मासा नाही’ हे उत्तर पुरेसे नसते, कारण तुकडा नसला तरी अर्क असतोच. ताईने कुरकूर केली नाही. ‘तुम्ही जेवा, मी काहीतरी घेऊन येते,’ असे म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आंबट उमेबोशी भरलेला भाताचा गोळा घेऊन आली आणि आमचे होईपर्यंत बाहेर बाकावर बसून तो खाल्ला. माझ्यापुढे कोळंबीचा तेम्पुरा होता, गरम आणि उत्तम तळलेला, आणि तो घशाखाली उतरत नव्हता. मला सारखे वाटत होते की या बाईने मागायचेच तर निदान पोटभर जेवण तरी मागायचे होते. नंतर नाकामिसेच्या दुकानांच्या रांगेत तिला रताळ्याची इमो-योकान मिळाली. रताळे, साखर आणि चिमूटभर मीठ, एवढेच. उपवासाच्या दिवशी आईने केलेल्या रताळ्याच्या गोड फोडी आठवाव्यात अशी तिची चव होती. चालता चालता खाऊ नये अशा सूचना तिथे लावलेल्या आहेत, म्हणून दुकानासमोरच उभे राहून आम्ही चौघींनी एकेक तुकडा घेतला. सर्वांत मोठा ताईने मला दिला. मी घेतला. नको म्हटले असते तर का, हे सांगावे लागले असते.

सेन्सो-जी हे कान्नोनचे, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचे स्थान. इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत जाळे टाकणाऱ्या दोघा भावांना ती मूर्ती सापडली अशी कथा आहे, आणि ज्या गावप्रमुखाने तिची थोरवी ओळखून आपल्या घराचे मंदिर केले तो आणि ते दोघे कोळी, असे तिघेही आता शेजारच्या असाकुसा मंदिरात देव म्हणून पुजले जातात. मोठे मंदिर १९४५ च्या मार्चमधील बाँबहल्ल्यात जळाले आणि १९५८ मध्ये पुन्हा बांधले गेले. १६४९ चे हे शेजारचे छोटे मंदिर मात्र त्या आगीतून वाचले. मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत. ती कायम झाकलेली असते. दर्शन न होताही माणसे रांगेने येतात, पैसे टाकतात आणि हात जोडतात. ताई हात जोडून बराच वेळ उभी होती. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात हाच बोधिसत्त्व आठ महाभयांतून माणसांना तारताना कोरला आहे. भोवती आग आहे, बुडणारे तारू आहे, सिंह, सर्प आणि हत्ती आहेत. ते लेणे आम्हाला कॉलेजात असताना ताईनेच दाखवले होते. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही कसलेच भय नव्हते.

तिथे चिठ्ठीही काढली. शंभर येन पेटीत टाकायचे, धातूची नळी हलवायची, निघालेल्या काडीवरच्या आकड्याचा खण उघडायचा आणि आपले भाकीत घ्यायचे. अनेक ठिकाणी वाईट भाकिते कमी ठेवतात, पण सेन्सो-जीने जुने प्रमाण सोडलेले नाही आणि शंभरांत सुमारे तीस चिठ्ठ्या वाईट असतात. माझी चांगली निघाली. डॉक्टरची आणि छोटीची बरी निघाली. ताईची ‘क्यो’ निघाली, म्हणजे अशुभ. आजारी माणूस उशिरा बरा होईल, असेही खाली छापलेले होते. डॉक्टर एकदम काही बोलू लागली आणि मध्येच थांबली. ताईने चिठ्ठी नीट वाचली, घडी घातली, तिथल्या तारेला बांधली आणि म्हणाली, ‘बरे झाले, वाईट ते इथेच ठेवून जायचे असते म्हणतात.’

मला त्या क्षणी रडू आले आणि ते तिच्यासाठी नव्हते, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. मला माझीच कणव आली होती. माझे सगळे ज्यांच्यापासून लपवले त्यांना ते ठाऊक होते, ज्यांची काळजी मी करायची ते माझी करत होते, आणि चांगली चिठ्ठीसुद्धा माझ्याच वाट्याला आली होती, असे काहीसे विचित्र गाऱ्हाणे माझ्या मनात चालले होते. या गाऱ्हाण्याला नीट नाव देता येत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीचे ओझे, असे फार तर म्हणता येईल.

तिथून थेट शिंजुकूला गेलो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून घाई होती. तांगे केंझो यांनी आखलेल्या महानगर शासनाच्या इमारतीत पंचेचाळिसाव्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, सर्वांना विनामूल्य जाता येते. दक्षिणेकडच्या सज्जात काळ्या ठिपक्यांचा पिवळा पियानो ठेवलेला आहे आणि ज्याला येते त्याने तो वाजवावा अशी रीत आहे. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी वाजवत होती. पश्चिमेला फुजीची काळी कड उमटली होती आणि तिच्यामागे आकाश नारिंगी झाले होते. छोटी आणि डॉक्टर फोटो काढायला धावल्या. ताई मात्र दुसऱ्या बाजूला गेली आणि काचेतून खाली बोट दाखवून म्हणाली, ‘ते बघ आपले सकाळचे रान.’ खरेच, चहूबाजूंनी दिवे लागत असताना तेवढा एक तुकडा अंधारा राहिला होता.

तिथे मला राहवले नाही. मी विचारले, ‘ताई, तू स्वतःसाठी का नाही मागितलंस?’

मी पाटी वाचली याचे तिला मुळीच नवल वाटले नाही. ‘माझी कामं मी पंढरपूरला सांगते,’ ती म्हणाली. ‘तिथे जुनी ओळख आहे. इथे पहिल्याच भेटीत एवढं मोठं काम कसं सांगायचं? म्हणून लहानसं सांगितलं.’

‘माझी झोप लहान काम आहे?’

‘लहानच आहे गं. तुला वाटतं तेवढं मोठं नाहीये ते.’

मी यावर रागावायला हवे होते. दिवसभर तेवढ्याचसाठी तर स्वतःला तयार करत आले होते. पण तिच्या बोलण्यात दया शोधूनही सापडेना. कोणी भाजी आणायला निघाले की जाता जाता शेजारणीचीही पिशवी घेते, तितक्या सहजपणे ती बोलत होती. आणि मग पाटीवरचे दुसरे वाक्य मला पहिल्यांदा नीट आठवले. सकाळपासून मी ‘झोप लागू दे’ एवढेच घोळवत होते, त्यातच माझी नामुष्की शोधत होते, आणि ‘बाकी ती पाहून घेईल’ हे वाक्य वाचूनही वाचले नव्हते. ज्या माणसाची कीव येते त्याच्याविषयी असे कोणी लिहीत नाही. तिने देवाला माझे सगळे सोपवले नव्हते. एवढे एकच माझ्या हातात नाही हे तिने हेरले होते, आणि उरलेले सगळे मला जमेल असे गृहीत धरले होते. तो भरवसा बरोबर आहे की नाही, हे मला माहीत नाही. पण तो तिचा आहे, आणि तो काढून घ्यायला तिने मला विचारलेले नाही.

कोणीतरी आपल्यासाठी मागावे आणि आपण ते गपचूप घ्यावे, हे मला कधी जमलेले नाही. परतफेडीचा हिशोब लगेच सुरू होतो. आज तो करता येत नाही, कारण मी तिच्यासाठी पाटी लिहिली नव्हती आणि आता उद्या जाऊन लिहिली तर ती परतफेडच ठरेल. तेव्हा राहू दे. उद्याचा दिवस कामाकुराला जायचा आहे, पहाटेची गाडी आहे. झोप लागेल की नाही ते कळेलच. न लागली तर मी उठून दिवा लावणार आहे, आणि ताई जागी असेल तर तिनेही उघड जागे राहावे. चहा करायची किटली खोलीत आहेच.

शुक्रवारी तिचा फोन येईल तेव्हा मी खोलीतच थांबणार आहे. डॉक्टर आणि छोटी बाजारात गेल्या तरी चालेल. ताई मला काहीतरी आणायला बाहेर पाठवू पाहील, ती तसे करते, पण मी जाणार नाही.