चार आकडी पिन आणि एक तक्रार

गेल्या उन्हाळ्यात माझी सात वर्षांची मुलगी रात्री एकटी झोपेनाशी झाली. सायंकाळी साडेसहाला, कौटुंबिक मालिकेच्या मध्ये, त्याच वाहिनीने रात्रीच्या गुन्हेगारी मालिकेची झलक दाखवली होती आणि त्यातला गळा आवळण्याचा प्रसंग तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मी आधी सेट-टॉप बॉक्समधले पालक-कुलूप, म्हणजे पिन घातल्याशिवाय वाहिनी दिसू न देणारी सोय, शोधले. नागपुरात 2013 पासून केबल डिजिटल झाल्यामुळे हे बॉक्स घरोघरी आहेत. तरी मानेवाड्यातील आमच्या इमारतीत ते कुलूप कुणी वापरल्याचे ऐकिवात नव्हते. केबलवाल्याकडून मूळ पिन घेऊन मी नवा घातला. पण आमच्या बॉक्सचे कुलूप अख्ख्या वाहिनीला लागते, आणि तीच गुन्हेगारी मालिका माझे सासरे रोज साडेदहाला आवडीने बघतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपल्याच घरात सुनेकडे पिन मागावा, हे मला पटेना. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढले.

मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या ऑनलाइन (ओटीटी) मंचांना 2021 च्या नियमांनी 13+ आणि त्यावरील आशयासाठी पालक-कुलूप बंधनकारक केले आहे. आमच्या बॉक्सला मात्र कार्यक्रम कोणत्या वयासाठी आहे हे कळतच नाही, मग झलकेचे काय कळणार?

म्हणून तक्रार करायचे ठरवले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत जून 2021 मध्ये त्रिस्तरीय व्यवस्था आली: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वयंनियामक संस्था आणि शेवटी केंद्र सरकार. वाहिनीने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मी तारीख, वेळ आणि प्रसंग नेमका लिहिला, आणि नियम 6 मधील त्या तरतुदीचा आधार घेतला, जिच्यानुसार मुलांना अयोग्य कार्यक्रम सर्वाधिक मुले टीव्ही बघत असतात त्या वेळी दाखवता येत नाहीत. मालिका बंद करा, असे मी मुद्दाम कुठेही लिहिले नाही. प्रौढ प्रेक्षकाने काय बघावे हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि तो कुणाला मिळावा अशी माझी इच्छाही नाही.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. चौदाव्या दिवशी आलेल्या उत्तरात मालिका रात्री उशिरा आणि सूचनेसह दाखवली जाते, एवढेच होते. झलकेविषयी अवाक्षर नव्हते. त्या उत्तराने मी खरोखर दुखावले. अपिलासाठी असलेली पंधरा दिवसांची मुदत टळू न देता मी स्वयंनियामक संस्थेकडे अपील केले आणि त्यात एकच प्रश्न ठेवला: जो प्रसंग साडेदहासाठी राखला आहे, तो साडेसहाला कसा चालतो?

सातव्या आठवड्यात पत्र आले. रात्रीच्या मालिकांच्या हिंसक झलका सायंकाळी दाखवणार नाही, असे वाहिनीने संस्थेला लेखी कळवले होते. सासरे आजही साडेदहाला ती मालिका बघतात, पिन न विचारता.